फ्रेंच नमुन्यावरून स्वेटर विणताना

फ्रेंच मासिकातला किंवा लोकरीच्या कंपनीच्या पत्रकातला नमुना वाचायला फ्रेंच भाषा यावी लागत नाही. साठ-सत्तर शब्द, पंधरा-वीस संक्षेप आणि चार-पाच ठरलेली वाक्ये एवढ्यावर अख्खा स्वेटर उभा राहतो. विणकाम बिघडते ते बहुधा अनोळखी शब्दामुळे नाही, कारण तो आपण शोधतोच. बिघडते ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दामुळे आणि आकड्यांमुळे. म्हणून इथे शब्दांची वर्णानुक्रमे यादी न करता नमुना ज्या क्रमाने छापलेला असतो त्याच क्रमाने पुढे जाऊ आणि जिथे टाके उसवायची वेळ येते तिथे जास्त थांबू.

आधी उच्चाराचे थोडे. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुतेक वेळा उच्चारत नाहीत. अनुनासिक स्वर भरपूर आहेत, ते इथे चंद्रबिंदूने किंवा अनुस्वाराने दाखवले आहेत. 'झ' जिथे आला आहे तिथे तो मऊ उच्चारायचा, 'झाड'मधल्यासारखा नाही. टाक्याला फ्रेंचमध्ये 'माय' म्हणतात, आणि मराठी माणसाला हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. ओळ म्हणजे 'राँ', गोल विणताना एक फेरा म्हणजे 'तूर', विणणे म्हणजे 'त्रिकोते', आणि विणकाम किंवा विणलेले वस्त्र म्हणजे 'त्रिको'. 'क्रोशे' म्हणजे आकड्याची सुई आणि तिने केलेले कामही. आपला 'क्रोशा' तिथूनच आला.

नमुन्याच्या वरच्या चौकटीत साहित्य दिलेले असते. लोकर म्हणजे 'लेन', पण कोणत्याही धाग्याला 'फील' म्हणतात, त्यामुळे सुती नमुन्यातही 'फील' दिसेल. तयार गुंडा म्हणजे 'पलोत', आणि गुंडाळावी लागणारी लड म्हणजे 'एश्वो'. 'कोतों' म्हणजे कापूस, 'लँ' म्हणजे जवसाचा धागा, 'स्वा' म्हणजे रेशीम. मोएर, मेरिनोस, आल्पागा आणि आक्रिलिक हे शब्द कानाला कळतातच.

लेबलवर आणखी दोन शब्द असतात आणि ते दोन्ही बघितल्याशिवाय लोकर घेऊ नये. 'कोलोरी' म्हणजे रंगाचा क्रमांक. 'बँ' म्हणजे न्हाणी, अर्थात रंगाच्या कुठल्या घाण्यात ती लोकर बुडवली त्याचा क्रमांक. कोलोरी सारखा आणि बँ वेगळा असेल तर दुकानातल्या दिव्याखाली दोन गुंडे एकच दिसतात, पण विणून झाल्यावर उन्हात पाठीवर आडवी रेघ उमटते. नमुन्यात आठ पलोत सांगितले असतील तर एकाच बँचे नऊ घ्यावेत. वेगळ्या बँचा गुंडा घेणे भागच पडले, तर तो गळ्याच्या पट्टीला किंवा कफांना वापरावा. तिथे वीणच बदलते, त्यामुळे फरक झाकला जातो.

याच चौकटीत पहिला सापळा असतो. 'एम' हे अक्षर नमुन्यात सगळीकडे 'माय'चा, म्हणजे टाक्याचा संक्षेप म्हणून येते. पण लोकरीच्या ओळीत '५० ग्रॅम = १२० एम' असे लिहिलेले असते तेव्हा ते १२० मीटर असतात. पर्यायी लोकर निवडायची असेल तर हाच आकडा कामाचा: वजन जुळवू नका, लांबी जुळवा. ५० ग्रॅममध्ये १२० मीटरच्या लोकरीऐवजी ५० ग्रॅममध्ये १६० मीटरची घेतली तर ती बारीक आहे, आणि टाक्यांचे सगळे हिशेब सुटतील.

दुसरा सापळा सुईचा, आणि आपल्याकडच्या विणणाऱ्यांना तोच सर्वांत महाग पडतो. सुई म्हणजे 'एग्वीय'. संक्षेपात फक्त ए-आय-जी ही तीन अक्षरे आणि पुढे क्रमांक. फ्रान्समध्ये सुईचा क्रमांक म्हणजे थेट मिलिमीटरमधली जाडी: क्रमांक ४ ची सुई ४ मिमी. आपल्या घरातल्या जुन्या सुयांवर मात्र ब्रिटिश क्रमांक असतात आणि ते उलटे चालतात, आकडा मोठा तशी सुई बारीक. आपली ४ नंबरची सुई ६ मिमीची असते. फ्रेंच ४ म्हणजे आपली ८, फ्रेंच ३ म्हणजे आपली ११, फ्रेंच साडेचार म्हणजे ७, आणि ५ म्हणजे ६. फ्रेंच साडेतीनला तंतोतंत जोड नाही. ती आपल्या ९ आणि १० यांच्या मध्ये, म्हणजे ३.७५ आणि ३.२५ मिमीच्या मधोमध पडते, तेव्हा मिमीचा आकडा छापलेली सुई वेगळी घेतलेलीच बरी. फ्रेंचमध्ये दशांशाला टिंब नसते, स्वल्पविराम असतो. '३,५' म्हणजे साडेतीन. तीन किंवा पाच असा पर्याय नव्हे.

सरळ सुयांच्या जोडीला 'एग्वीय द्रवात' म्हणतात, तारेने जोडलेल्या गोल सुईला 'एग्वीय सिर्क्युलेर', दोन्ही टोकांनी अणकुचीदार असलेल्यांना 'दूब्ल प्वँत', आणि वेणी घालताना टाके धरून ठेवणाऱ्या आखूड सुईला 'एग्वीय आ तोर्साद'. 'एग्वीय आ लेन' ही विणायची सुई नाही, ती शिवायची, मोठ्या नेढ्याची.

आता 'एशाँतियों', म्हणजे चाचणीचा तुकडा. नमुन्यात तो असा येतो: जेर्से आँद्रवा (एक ओळ सुलट, एक उलट), सुई ३,५, १० सेमी चौकोन बरोबर २२ माय आणि ३० राँ. २२ टाके घालून तो चौकोन मोजू नये, कारण कडेचे टाके ताणलेले असतात. ३० टाके घाला, १३ सेमी विणा, ओला करून वाळवा आणि मधले १० सेमी मोजा. तुमचे २२ ऐवजी २० टाके भरले तर ७८ टाक्यांची पाठ साडेपस्तीस सेमीऐवजी ३९ सेमी होते. पुढचा भागही तसाच, म्हणजे स्वेटर घेरात सात सेमीने मोठा. अशा वेळी टाके बदलू नका, अर्ध्या मिमीने बारीक सुई घेऊन नवा तुकडा विणा.

मग येतात ते दोन शब्द, ज्यांच्यावर सगळे चालते. 'आँद्रवा' म्हणजे सुलट आणि 'आँवेर' म्हणजे उलट. 'माय आँद्रवा' सुलट टाका, 'माय आँवेर' उलट टाका. कामाच्या सुलट बाजूलाही आँद्रवाच म्हणतात आणि मागच्या बाजूला आँवेर. इंग्रजी नमुन्यांची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो, कारण तिथे टाक्याचे आणि बाजूचे शब्द निराळे आहेत. मराठीत मात्र आपणही दोन्हीला सुलट-उलटच म्हणतो, म्हणून मनातल्या मनात इंग्रजीकडे न वळता थेट मराठीत वाचावे. शब्दाआधी 'माय' किंवा आकडा असेल तर टाका, 'स्युर' म्हणजे 'वर' हा शब्द असेल तर कामाची बाजू.

संक्षेपात हे शब्द ई-एन-डी आणि ई-एन-व्ही असे दिसतात. तिसरा भाऊही आहे: ई-एन-एस, म्हणजे 'आँसाँब्ल', एकत्र. तिघांत फरक एका अक्षराचा, आणि मासिकातला टाइप बारीक. त्यात ई-एन-डी बघून इंग्रजी डोळ्याला 'शेवट' असा भास होतो, तो वेगळाच. नमुन्याची छायाप्रत काढून सुलटला एक रंग, उलटला दुसरा आणि एकत्रला तिसरा असे आधीच रंगवून घेणे हा दहा मिनिटांचा उद्योग आहे आणि तो पुढचे कित्येक तास वाचवतो.

बाकीचे संक्षेप याच चालीचे आहेत. आर-जी म्हणजे राँ. एल-आय-एस म्हणजे 'लिझ्येर', कडेचा टाका, जो शिलाईत आत जातो. डी-आय-एम म्हणजे 'दिमिन्युसियों', टाके कमी करणे. ए-यू-जी-एम म्हणजे 'ओग्माँतासियों', वाढवणे. आर-ए-बी म्हणजे 'राबात्र', टाके बंद करणे. एस-यू-आय-व्ही म्हणजे 'स्विव्हाँ', पुढचा.

विणींची नावे मजेदार आहेत. सगळ्या ओळी सुलट विणल्या की 'प्वँ मूस'. एक ओळ सुलट, एक उलट म्हणजे 'जेर्से आँद्रवा', इंग्लिश चॅनेलमधल्या जर्सी बेटावरून पडलेले नाव. तिचीच मागची बाजू पुढे घेतली की 'जेर्से आँवेर'. एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत अदलाबदल म्हणजे 'प्वँ द री', तांदळाची वीण, आणि खरोखर तांदळाचे दाणे पसरल्यासारखी दिसते. इथे जपा: इंग्रजीत मॉस म्हणतात ती हीच तांदळाची वीण, आणि फ्रेंच मूस मात्र साधी सगळी सुलट. शब्द भावंडे, वीण वेगळी. बॉर्डरची वीण म्हणजे 'कोत', फासळ्या. कोत १/१ म्हणजे एक सुलट एक उलट, कोत २/२ म्हणजे दोन-दोन. 'कोत आँग्लेझ', इंग्रजी फासळ्या, ही फुगीर आणि उबदार वीण आहे, पण ती साध्या विणीपेक्षा पुष्कळ जास्त लोकर खाते, तेव्हा हौसेने विणीची अदलाबदल करू नये. 'तोर्साद' म्हणजे वेणी, 'प्वँ आझुरे' म्हणजे जाळीची वीण, आणि रंगीत नक्षीला 'झाकार' म्हणतात, ल्योंच्या जोझेफ मारी झाकार यांच्या १८०४ च्या मागावरून. 'प्वँ फाँतेझी' असे दिसले तर शब्दकोश उघडू नका, त्याचा अर्थ 'खाली दिलेली खास वीण' एवढाच.

'कोत' सोबत 'कोते' शिकून ठेवा. कोते म्हणजे बाजू. लिखाणात दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, फरक फक्त शेवटच्या अक्षरावरच्या रेघेचा. 'द शाक कोते' म्हणजे 'दोन्ही बाजूंना', त्याचा बॉर्डरशी काही संबंध नाही.

तसेच 'द्रवा'. 'तू द्रवा' म्हणजे कमी-जास्त न करता सरळ विणत जा. 'दमी-दवाँ द्रवा' म्हणजे पुढचा उजवा भाग. शब्द तोच, अर्थ दोन. आणि उजवा म्हणजे घालणाऱ्याचा उजवा, समोरून बघणाऱ्याचा नव्हे.

भागांची नावे पटकन घेऊ: 'दो' पाठ, 'दवाँ' पुढचा भाग, 'दमी-दवाँ' बटणाच्या स्वेटरचा अर्धा पुढा, 'माँश' बाही, 'आँमाँश्युर' मुंढा, 'आँकोल्युर' गळा, 'एपोल' खांदा, 'कोल' कॉलर, 'प्वान्ये' कफ, 'पोश' खिसा, 'काप्युश' टोपी जोडलेली असेल तर ती, 'बुतोन्येर' काज. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्राला फ्रेंच लोक 'ला माँश' म्हणतात, बाहीसारखा निमुळता म्हणून. बाहीचा शब्द यामुळे कायमचा लक्षात राहतो.

क्रियापदे वाक्याच्या सुरुवातीला आणि मूळ रूपात येतात, म्हणून पहिला शब्द ओळखला की अर्धे काम झाले. 'मोंते' टाके घाला. 'त्रिकोते' विणा. 'कोंतिन्युए' पुढे चालू ठेवा. 'ग्लिसे' टाका न विणता उचला. 'रलवे' कडेवरून टाके उचलून घ्या. 'रेपेते' पुन्हा करा. 'कुपे' धागा तोडा. 'लेसे आँ-नाताँत' टाके सुईवर किंवा धाग्यावर तसेच थांबवून ठेवा. हे शेवटचे न कळल्यामुळे लोक टाके बंद करून टाकतात आणि पुढे गळा विणायला टाकेच उरत नाहीत.

टाके कमी करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. 'दोन माय आँसाँब्ल आँद्रवा', म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, हा उतार उजवीकडे झुकतो. 'स्युर्झे सँप्ल' डावीकडे झुकतो: एक टाका न विणता उचला, पुढचा सुलट विणा आणि उचललेला त्याच्यावरून ओढून टाका. 'स्युर्झे दूब्ल'मध्ये एक उचलून पुढचे दोन एकत्र विणतात आणि मग उचललेला ओढतात, एकदम दोन टाके कमी. 'कडेपासून ३ माय सोडून कमी करा' असे सांगितले असेल तर ओळीच्या सुरुवातीला तीन सुलट विणून स्युर्झे, आणि शेवटी पाच टाके उरले असताना दोन एकत्र व मग तीन सुलट. उलटे केले तर टाक्यांचा हिशेब बरोबर येतो, पण रॅग्लनची, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतच्या तिरक्या जोडाची, रेघ दातेरी दिसते.

वाढवण्यासाठी 'ओग्माँतासियों अँतेर्कालेर': दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर घ्या आणि मागून सुई घालून पीळ देत विणा. पीळ दिला नाही तर भोक पडते. भोक हवेच असेल तर 'झते', लोकर सुईवरून एक वेढा टाकणे. छोट्या काजाला एक झते आणि लगेच दोन एकत्र, टाके तेवढेच राहतात.

आता एक पाठ पूर्ण वाचू. चार वर्षांच्या मुलाचा साधा स्वेटर, एशाँतियों वरचाच.

'मोंते ७८ माय, सुई क्रमांक ३. कोत २/२, ४ सेमी.' ७८ म्हणजे चारच्या पटीत अधिक दोन, म्हणून ओळ दोन सुलटने सुरू होते आणि दोन सुलटनेच संपते. मागच्या बाजूने येताना बहुतेक नमुने पुन्हा आकडे देत नाहीत. तिथे एक वाक्य असते: 'कॉम एल स प्रेझाँत', म्हणजे टाके जसे समोर येतील तसे विणा, सुलट दिसणारा सुलट, उलट दिसणारा उलट. हे वाक्य अक्षरशः शेकडो नमुन्यांत येते, पाठच करावे.

'कोंतिन्युए, जेर्से आँद्रवा, सुई ३,५.' इथे सुई बदलायची. बदल विसरला तर पाठ वरपर्यंत आवळलेली राहते.

'२२ सेमी ओतर तोताल झाल्यावर, आँमाँश्युर: राबात्र द शाक कोते, तू ले द राँ, १ गुणिले ३ माय, १ गुणिले २ माय, २ गुणिले १ माय.' 'ओतर तोताल' म्हणजे अगदी खालच्या कडेपासूनची उंची, बॉर्डर धरून. 'तू ले द राँ' म्हणजे दर दोन ओळींनी. पहिला आकडा किती वेळा, दुसरा किती टाके. प्रत्यक्षात असे करायचे: सुलट ओळीच्या सुरुवातीला ३ टाके बंद, ओळ पूर्ण. पुढच्या उलट ओळीच्या सुरुवातीला ३ बंद. मग सुरुवातीला २, परत येताना २. मग १ आणि १, पुन्हा १ आणि १. आठ ओळी झाल्या, दर बाजूला ३ + २ + १ + १ म्हणजे ७ टाके गेले, एकूण १४. ७८ मधून १४ गेले, ६४ राहिले. नमुनाही पुढे 'इल रेस्त ६४ माय' असे सांगतो, म्हणजे '६४ टाके उरतात'. हे वाक्य वगळून पुढे जाऊ नका, ती तुमची पडताळणी आहे. नेहमीची चूक म्हणजे 'दर दोन ओळींनी' वाचून आधी दोन ओळी साध्या विणणे. पहिली घट लगेच करायची, अंतर त्यानंतरचे. एकाच ओळीत दोन्ही टोकांना टाके बंद करायचा प्रयत्नही करू नये, शेवटच्या टोकाला बंद केले की पुढच्या ओळीसाठी धागा कडेला राहत नाही.

'३६ सेमीवर, मधले २० माय राबात्र, आणि प्रत्येक बाजू वेगळी संपवा.' ६४ मधून २० गेले, प्रत्येक बाजूला २२. 'दोन राँनंतर गळ्याच्या बाजूला १ गुणिले ४ माय', उरले १८. '३७ सेमीवर उरलेले १८ माय राबात्र.' हा खांदा.

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत तसाच. ३१ सेमीवर मधले १२ बंद, मग गळ्याच्या बाजूला ३, २, १, १, १. २६ मधून ८ गेले, पुन्हा १८. दोन्ही खांदे १८ च निघाले पाहिजेत. 'आँ वीझावी' लिहिले असेल तर दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटी विणायची: एका बाजूची घट सुलट ओळीत होत असेल तर दुसऱ्या बाजूची उलट ओळीत.

बाहीला 'ओग्माँते द शाक कोते, दर ६ राँनी, १० गुणिले १ माय' असे असेल तर ४६ चे ५६ होत नाहीत, ६६ होतात. दोन्ही बाजू मोजायच्या.

शेवटी 'आसाँब्लाझ', जोडणी. आधी खांदे, मग गळ्याभोवती टाके उचला. उभ्या कडेवर दर चार ओळींना तीन टाके हे प्रमाण जेर्सेला बसते. चारही उचलले तर गळा झालरीसारखा फुगतो. गळा बंद करताना 'सूपल्माँ' शब्द हमखास असतो, म्हणजे सैल हाताने. मुलाच्या स्वेटरला हे पाळलेच पाहिजे, नाहीतर डोके आत जात नाही. हात घट्ट असेल तर बंद करायला एक मिमीने जाड सुई घ्यावी. 'स्युर्झे' इथे पुन्हा भेटतो, पण आता तो टाका कमी करण्याचा नाही, कडेवरून गुंडाळत शिवण्याचा टाका आहे. 'राँत्रे ले फील' म्हणजे लोंबणारे धागे आत शिवून टाका.

कपड्यांच्या नावांत काही शब्द फसवतात. 'प्युल' म्हणजे डोक्यातून घालायचा स्वेटर. 'झिले' म्हणजे बहुधा पुढून उघडा, बाह्यांचा स्वेटर, पण बिनबाह्यांच्या बंडीलाही हाच शब्द, तेव्हा चित्र पाहावे. 'देबार्दर' बिनबाह्यांचा. मूळ अर्थ गोदीत माल उतरवणारा हमाल. 'शाँदाय'चा उगमही श्रमाच्या कपड्यांतला: पॅरिसच्या भाजीबाजारात लसूण विकणारे 'मार्शाँ दाय' जो जाड स्वेटर घालत, त्याचे नाव आखडून शाँदाय झाले. 'मारिन्येर' म्हणजे नौदलाचा पट्ट्यांचा जर्सी. १८५८ च्या सरकारी आदेशाने तो गणवेशात आला, अंगावर २१ पांढरे पट्टे, प्रत्येक निळ्या पट्ट्याच्या दुप्पट रुंद. 'शाल' म्हणजे शालच, फारसीतून आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही गेलेली.

तान्ह्या बाळाच्या कपड्यांच्या संचाला 'लेयेत' म्हणतात, आणि त्यात 'ब्रास्येर' बघून दचकू नका: ते बाळाचे झबले आहे. 'शोसों' पायातले मऊ बूट, 'बोने' टोपरे, 'मूफ्ल' अंगठा सोडून बाकी बोटे एकत्र असलेले हातमोजे, 'गाँ' पाच बोटांचे. बोनेवरूनच 'बोनेत्री' म्हणजे होजिअरीचा धंदा, ज्याचे फ्रान्समधले मोठे केंद्र त्र्वा शहर.

नमुना कॅनडातल्या क्युबेकचा असेल तर शब्द बदलतात. तिथे विणायची सुई 'ब्रोश' असते, स्वेटर अजून शाँदायच, लोकरीची टोपी 'त्युक', गळ्याचा मफलर 'फुलार', आणि फ्रान्सचा मूफ्ल तिथे 'मितेन' होतो. फ्रान्समध्ये मितेन म्हणजे बोटांची टोके उघडी ठेवणारे मोजे. क्युबेकच्या नमुन्यावरून हातमोजे विणायला बसण्याआधी बोटे झाकायची की उघडी, हे चित्रात बघून घ्या.